घर विकायचंय? स्वतः विकावं की दलालामार्फत? सही करण्याआधी हे वाचा

मुलीचं लग्न, दवाखान्याचा खर्च, मुलांनी शहरात मांडलेलं बस्तान, नाहीतर भावाभावांची वाटणी. गावातलं घर विकायला काढण्यामागे कारण कोणतंही असो, पहिला प्रश्न तोच असतो. दलाल गाठायचा की आपणच गिऱ्हाईक बघायचं? दलाली वाचवायची म्हणून काहीजण स्वतः विकायला निघतात, तर कटकट नको म्हणून काहीजण सगळं दलालावर सोडून देतात. फसगत दोन्हीकडे होऊ शकते. कारण दलाल फक्त गिऱ्हाईक आणतो. कागद नीट करणं, वारसांच्या सह्या घेणं आणि पैसे पदरात पाडून घेणं ही कामं शेवटी मालकाचीच असतात.

आधी कागद, मग गिऱ्हाईक

घर कोणत्या जागेवर आहे, ते सगळ्यात आधी बघा.

• गावठाणातलं घर: ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे मालकीचा पुरावा, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ती कर आकारणीची नोंद आहे. घरपट्टी कोणाच्या नावावर आहे एवढंच त्यातून कळतं. केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. त्यात ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन घरमालकांना मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मिळतं. ड्रोन मोजणीचा सुरुवातीचा प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला होता. तुमच्या गावची मोजणी झाली असेल, तर कार्डावरचं नाव आणि क्षेत्र बरोबर आहे का ते भूमी अभिलेख कार्यालयात तपासा. चूक असेल तर गिऱ्हाईक येण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

• शेतातल्या गुंठ्यावर बांधलेलं घर: इथे सात-बारा पाहावा लागतो. जमीन बिनशेती आहे का, भोगवटादार वर्ग २ आहे का, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, हे बघा. तुकडेबंदीचा कायदा आणि शेतजमीन कोणी घ्यायची याचे नियम इथे लागू होऊ शकतात. तलाठी कार्यालयात आणि दुय्यम निबंधक कार्यालयात विचारल्याशिवाय इसार घेऊ नका.

• घरकुल किंवा शासनाने दिलेल्या जागेवरचं घर: विक्रीवर अट आहे का, ते ग्रामपंचायत आणि पंचायत समितीकडे विचारा.

घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल भरून पावत्या एकत्र ठेवा. खरेदीदार कर्ज काढणार असेल, तर बँक मालकीचे कागद आणि बांधकामाची परवानगी मागते. नुसत्या नमुना ८ वर कर्ज मिळणं अवघड जातं. म्हणजे कागद पक्के असतील तर गिऱ्हाईकही जास्त मिळतात.

बहिणीची सही राहिली तर

गावाकडचे घराचे बहुतेक वाद इथूनच सुरू होतात. वडील मृत्युपत्र न करता वारले असतील, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, मुलगे आणि मुली यांचा सारखा हिस्सा लागतो. वडिलांची आई हयात असेल तर तिचाही. मुलीचं लग्न झालं म्हणून हक्क जात नाही. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात नसले तरी तो हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी कायदेशीर वाटप किंवा विक्री झाली असेल, तर ती यामुळे मोडत नाही.

म्हणून सगळ्या वारसांची नावं लावून घ्या. खरेदीखतावर सगळ्यांच्या सह्या घ्या, किंवा ज्यांना हिस्सा नको त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या. ‘ताई काही म्हणणार नाही’ हा भरवसा कोर्टात चालत नाही. शिवाय एखाद्या वारसाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकायला काढला, तर इतर वारसांना तो आधी घेण्याचा हक्क कायद्याच्या कलम २२ ने दिला आहे. त्यामुळे भावाबहिणींना आधी विचारलेलं चांगलं. अनेकदा गिऱ्हाईक घरातच मिळतं आणि दलालीचा प्रश्नच येत नाही.

भाव कसा काढायचा?

शासनाचा रेडी रेकनर दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोबाइलवरही दिसतो. तो बाजारभाव नाही, मुद्रांक शुल्क मोजण्यासाठीचा दर आहे. खरा भाव समजण्यासाठी आपल्या आणि शेजारच्या गावात अलीकडे झालेले व्यवहार बघा. त्याच विभागाच्या ‘ई-सर्च’ सुविधेत नोंदणी झालेल्या दस्तांची सूची क्रमांक २ पाहता येते. त्यात दस्तातली रक्कम असते. दोन-तीन दलालांना नुसता भाव विचारा आणि त्याची सूचीशी तुलना करा. एवढं केलं तरी ‘या भागात घर उठतच नाही’ असं सांगून भाव पाडणाऱ्याला उत्तर देता येतं.

स्वतः विकायचं असेल तर

खरेदीदार गावातलाच, भावकीतला किंवा शेजारी असेल, आणि कागद तयार असतील, तर दलालाची गरज सहसा पडत नाही. दलालीचे पैसे वाचतात आणि बोलणी समोरासमोर होतात. मात्र दस्त तयार करायला चांगला वकील किंवा दस्तलेखक घ्या. तिथे काटकसर नको.

मोबाइलवर जाहिरात टाकताना घराचे फोटो, जागेचं मोजमाप आणि गावाचं नाव पुरेसं आहे. आधार, पॅन, सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्डाचे फोटो ग्रुपवर टाकू नका. घर न बघता ‘लगेच इसार पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणणारा हमखास ठग असतो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही.

दलाल कधी उपयोगी पडतो?

घर तालुक्याच्या गावात, हायवेला किंवा एमआयडीसीजवळ असेल आणि खरेदीदार बाहेरचा असण्याची शक्यता असेल, तर दलालाची ओळख कामाला येते. मालक स्वतः पुण्या-मुंबईला राहत असेल आणि दर रविवारी घर दाखवायला येणं जमत नसेल, तेव्हाही तो उपयोगी पडतो. शहरात साधारण १ ते २ टक्के दलाली विकणाऱ्याकडून आणि तेवढीच घेणाऱ्याकडून घेण्याची पद्धत आहे. हा दर कायद्याने ठरलेला नाही, त्यामुळे घासाघीस करता येते.

महारेराकडे नोंदणीची सक्ती मुख्यतः नोंदणीकृत प्रकल्पांतले फ्लॅट-प्लॉट विकणाऱ्या एजंटांना आहे. गावातलं जुनं घर विकून देणारा दलाल बहुतेक वेळा त्या चौकटीबाहेर असतो. म्हणून त्याच्याशी जे ठरेल ते कागदावर घ्या.

• दलाली किती टक्के आणि कधी द्यायची? खरेदीखत होऊन पैसे खात्यात आल्यावरच द्या.

• मुदत किती? समजा तीन महिने. त्या काळात मालकाने स्वतः गिऱ्हाईक आणलं तर दलाली द्यायची की नाही, हेही लिहा.

• ‘तुमच्या हातात १२ लाख, वरचे माझे’ असा सौदा करू नका. समजा घर १४ लाखांना गेलं, तर दलालाला २ लाख मिळतात. १४ लाखांवर २ टक्क्यांनी दलाली झाली असती २८ हजार. वर खरेदीखतात १४ लाख लिहिले, तर कराच्या हिशेबात ती सगळी रक्कम मालकाची धरली जाते.

• खरेदीदाराशी थेट भेट झालीच पाहिजे. भेटू देत नसेल तर काहीतरी गोम आहे असं समजा.

• मूळ कागद दलालाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका.

• दलालाच्या नावे मुखत्यारपत्र करू नका. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलं आहे. पण विक्रीचा अधिकार दिलेला मुखत्यार तुमच्या वतीने दुसऱ्याला खरेदी देऊ शकतो, आणि मग धावपळ तुमचीच होते.

• काही दलाल थोडा इसार देऊन स्वतःच्याच नावाने लांब मुदतीचं साठेखत करतात आणि मग निवांत गिऱ्हाईक शोधतात. तोवर मालक अडकून पडतो. साठेखत खऱ्या खरेदीदाराशीच करा. त्यात मुदत आणि ती पाळली नाही तर इसाराचं काय, हे स्पष्ट लिहा.

इसारापासून खरेदीखतापर्यंत

इसार पावती किंवा साठेखताने मालकी बदलत नाही. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकांसमोर नोंदवावा लागतो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सहसा खरेदीदार भरतो. ग्रामपंचायत हद्दीत जिल्हा परिषदेचा अधिभार धरून मुद्रांक शुल्क साधारण ४ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार रुपये, असा हिशेब असतो. घर महिलेच्या नावावर घेतलं जात असेल तर शुल्कात १ टक्का सवलत आहे. हे खरेदीदाराला सांगितलं तर सौद्यालाही मदत होते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पैशांची. दस्तात ‘पूर्ण रक्कम मिळाली’ असं लिहून सही झाली, की घर गेलं. नंतर चेक वटला नाही तर पैशासाठी कोर्टात जावं लागतं. म्हणून नोंदणीआधी रक्कम आरटीजीएसने खात्यात जमा झालेली पाहा, किंवा डिमांड ड्राफ्ट घेऊन तो खरा असल्याची बँकेत खात्री करा. कर्जाची रक्कम बाकी असेल तर बँकेचं मंजुरीपत्र बघा आणि तसं दस्तात लिहा. घराचा ताबा सगळ्यात शेवटी द्या.

‘अर्धे रोख घ्या, दस्त कमी रकमेचा करू’ या बोलण्याला भुलू नका. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला, काही ठरावीक सूट वगळता, आयकर कायद्याने मनाई आहे. दंड घेणाऱ्यावर, म्हणजे विकणाऱ्यावर बसतो आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो.

गावातल्या घरालाही कर लागतो

ग्रामीण भागातल्या शेतजमिनीच्या विक्रीवरचा नफा करमुक्त असतो, पण घराचं तसं नाही. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ मालकीचं असलेलं घर विकून नफा झाला, तर त्यावर १२.५ टक्के दराने कर बसतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी जुन्या पद्धतीने, महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी हिशेब करून जो कर कमी येईल तो भरण्याची मुभा आहे. घर फार जुनं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. पैसे दोन वर्षांत दुसरं घर घेण्यात किंवा तीन वर्षांत बांधण्यात घातले, तर सूट मिळू शकते. वारस अनेक असतील तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा होतो. पैसे खर्च होण्याआधी एकदा कर सल्लागाराला भेटा.

मग ठरवायचं कसं?

खरेदीदार ओळखीतला आणि कागद तयार, तर स्वतः विका आणि वकिलाची फी द्या. खरेदीदार बाहेरचा हवा असेल, तर ठरलेल्या टक्क्यांवर दलाल घ्या. पण इसार, मूळ कागद आणि सही या तीन गोष्टी त्याच्या हातात देऊ नका. कागदच अपुरे किंवा वारसांत एकमत नसेल, तर आधी तेच काम उरका, कारण दलाल ते करून देऊ शकत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं.