ध्वनिमुद्रणातील संकोचन व विस्तारण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

ध्वनिमुद्रणातील सर्वांत मंद व सर्वांत मोठ्या ध्वनीच्या पातळ्यांमधील अंतरास गतिक पल्ला म्हणतात. चुंबकीय फितीवर मंद स्वर फितीच्या स्वतःच्या खरखरीत लोपत असत. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडन येथे संस्था स्थापून यावर उपाय केला. त्यांच्या 'डॉल्बी ए' पद्धतीत मुद्रणाच्या वेळी मंद ध्वनी उचलून पल्ल्याचे संकोचन केले जाई. ऐकविताना तेच ध्वनी तितकेच खाली आणून विस्तारण होई. त्यांच्यासोबत खरखरही सुमारे १० डेसिबलने उतरे आणि संगीताचा मूळ पल्ला परत मिळे.

१९८२ साली आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला उपलब्ध करून दिला. तथापि १९९० नंतर, आपले गाणे इतरांपेक्षा मोठे वाजावे या स्पर्धेपोटी संकोचन वाढतच गेले. मेटॅलिकाच्या २००८ मधील 'डेथ मॅग्नेटिक'विषयी तर श्रोत्यांनीच तक्रार केली. येथे विस्तारणाची जोड नव्हती. छाटलेली ध्वनिशिखरे परत मिळविण्याचा मार्ग श्रोत्याकडे उरला नाही. २०१० साली युरोपीय प्रसारण संघाने कार्यक्रमांची सरासरी ध्वनितीव्रता समान राखण्याची शिफारस केली. सारांश, संकोचनाचे मूल्यमापन ते उलटविता येते किंवा नाही, याच निकषावर करणे उचित ठरते.