हांकेला ओ देणारी शाळा

गांवांत आग लागली कीं हांक उठावी आणि ज्याच्या कानीं ती पडेल त्यानें घागर घेऊन धांवावें, ही रीत पुरातन. नगरें वाढलीं, टेलिफोन आला आणि हांक तारेवरून जाऊं लागली. परंतु ती ऐकणाऱ्याला कोणी शिकविलें आहे काय, हा प्रश्न फार उशीरां विचारला गेला.

नोव्हेंबर १९३५ मध्यें लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील आगींत पांच स्त्रिया मरण पावल्या. शेजाऱ्यानें टेलिफोन केला होता. पण एक्स्चेंजमध्यें त्याची पाळी येईना. त्यानें वृत्तपत्रांत गाऱ्हाणें मांडलें, आणि ३० जून १९३७ रोजीं ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तो फिरवितांच एक्स्चेंजमध्यें लाल दिवा लागे व भोंगा वाजे. अमेरिकेंत ९११ ची पहिली घंटा १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं अलाबामांतील हेलीव्हिल गांवीं वाजली.

क्रमांक सोपा झाला. ऐकणारा मात्र पत्ता लिहून गाडी धाडण्यापलीकडे फारसें कांहीं करीत नसे. सॉल्ट लेक सिटीचे डॉ. जेफ क्लॉसन यांनीं १९७८ च्या सुमारास प्रश्नांचीं व सूचनांचीं कार्डें तयार केलीं. गाडी वाटेवर असतांच रक्त कसें थांबवावें, श्वास कसा सुरू करावा, हें सांगणाराच पहिला मदतनीस झाला.

अमेरिकेंतील सार्वजनिक हायस्कुलांना धंदेशिक्षण नवें नाहीं. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानें त्याला मध्यवर्ती सरकारचें द्रव्यसाह्य मिळालें. ९११ च्या नोकरीला बहुधा हायस्कुलाचा दाखला पुरतो, आणि केंद्रांना माणसांची चणचण भासते. म्हणून कांहीं हायस्कुलांनीं हा विषय हातीं घेतला. पहिला धडा असा कीं, आधीं ठिकाण विचारावें. बोलणें मध्येंच तुटलें तरी गाडी पोंचली पाहिजे. दुसरा असा कीं, आक्रोश करणाऱ्यास तेंच वाक्य त्याच शांत स्वरांत पुनःपुन्हां सांगावें. एक विद्यार्थी भेदरलेला बाप होतो, दुसरा त्याची हांक घेतो.

सतरा वर्षांच्या मुलावर हें ओझें घालावें काय, ही शंका रास्त आहे. ज्याचा प्राण वांचवूं पाहिलें तो जगला कीं नाहीं, हें ह्या कर्मचाऱ्यास पुष्कळदां कळतही नाहीं. परंतु हें आपल्याच्यानें होणार नाहीं, असें एखाद्यास वाटावयाचें असेल, तर तें वर्गांतील खोट्या हांकेवर कळलेलें बरें. खऱ्या हांकेवर तो अनुभव दुसऱ्याच्या जिवावर बेततो. आणि जो ही नोकरी कधींच धरणार नाहीं, तोही घरीं संकट आलें असतां आधीं पत्ता सांगेल. तेवढें साधलें तरी शाळेचे श्रम वायां गेले असें म्हणतां येणार नाहीं.