सर्पगंधेची मुळी : नाव सापाचे, गुण निराळाच



सर्पगंधा हे कंबरेच्या खालीच राहणारे, सावलीत वाढणारे झुडूप. फुले पांढरी-गुलाबी, फळे पिकली की काळपट जांभळी. आपल्याकडे हिला हरकी, अडकई असेही म्हणतात. सापाशी झुंजण्याआधी मुंगूस हिचा पाला खातो, अशी गोष्ट बापजाद्यांपासून चालत आली आणि मुळी सर्पदंशावर उगाळून देऊ लागले. त्या गोष्टीत तथ्य नाही बरं का! साप चावला तर मुळी शोधत बसू नका, माणसाला तडक दवाखान्यात न्या. विषावर उतारा प्रतिविषाच्या इंजेक्शनाचाच.

मुळीचा दुसरा उपयोग मात्र खरा निघाला. बिहारकडे ती ‘पागल की दवा’ म्हणून बाजारात विकली जाई. वेडाच्या भरात असलेल्याला ती दिली की तो शांत व्हायचा, झोपायचा. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की तिने वेडाचा जोर उतरतो, तसाच रक्ताचा दाबही उतरतो. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतली द्रव्ये वेगळी काढली. त्यांतल्या एकाला हकीम अजमल खानांवरून ‘अजमलीन’ नाव दिले. तरी बाहेरच्या देशांत फारशी दखल कोणी घेतली नाही. ती घेतली गेली १९४९ साली, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांवरचे अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले तेव्हा. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून ‘रेसरपीन’ काढले आणि त्याच्या गोळ्या जगभर गेल्या.

या गोळ्यांनी काहींचे मन खचते, उदासी येते, हेही पुढे ध्यानात आले. म्हणून घरच्या घरी मुळीचे चूर्ण घेऊ नये. पोटुशी बाईने तर नाहीच.

मागणी वाढली तशी रानावर धाड आली. पाला तोडला तर झाड पुन्हा फुटते, पण इथे मुळीच हवी, म्हणजे झाडच उपटायचे! अखेर १९९० साली तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रण आले.

तेव्हा मुळी हवी तर लावूनच घ्यावी. पुष्कळ बी पोकळ निघते. पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाका. साधारण दीड वर्षाने, थंडीत पाने झडल्यावर, जमिनीला हलके पाणी देऊन मुळ्या खणा. साल खरवडू नका, बहुतेक औषधी द्रव्य सालीतच असते.