सापडणे, गवसणे आणि संगणकाची वहिवाट

परवा पुतण्याने उबुंटूवर एक छोटीशी आज्ञावली बसवली. पाइपएक्स या आज्ञावल्या बसवणाऱ्या साधनाने ती उतरवली, बसवली, झाल्याचं सांगितलंही. टर्मिनलमध्ये तिचं नाव लिहून एंटर दाबलं, तर उत्तर आलं : 'कमांड नॉट फाउंड'. "काका, ही बसलीच नाही," म्हणत तो पुन्हा बसवायला निघाला. मी त्याला शेवटच्या शब्दापाशी थांबवलं. संगणक 'नाही' म्हणत नव्हता, 'सापडली नाही' म्हणत होता.

चष्मा नाही आणि चष्मा सापडत नाही, यांतलं अंतर घरातल्या लहान मुलालाही कळतं. सापडणे हे क्रियापदच मोठं सूक्ष्म आहे. जुन्या पुस्तकांत ते 'सांपडणें' असं छापलेलं दिसतं. 'सा'वरचा तो अनुस्वार म्हणजे संस्कृत 'सम्' या उपसर्गाची खूण. सम् आणि पत्, म्हणजे एकत्र येऊन पडणे. त्याचं प्राकृतात 'संपडइ' झालं आणि पुढे आपलं सापडणे. म्हणजे सापडणं हा शोधणाऱ्याचा पराक्रम नव्हे, ती दोघांची गाठ पडणं आहे. म्हणून आपण 'मी किल्ली सापडली' म्हणत नाही, 'मला किल्ली सापडली' म्हणतो. माणूस पुरात सापडतो, कचाट्यात सापडतो, तेही याच अर्थाने.

त्याचा सोबती 'गवसणे'. हा संस्कृत 'गवेषण'पासून आला आणि त्याच्या पोटात चक्क गाय आहे : गाईंची इच्छा, गाईंचा शोध. संस्कृतात तो शोधण्याचा शब्द होता, मराठीत येता येता मिळण्याचा झाला. 'शोधणे' मात्र 'शुध्' धातूतून आलं; मूळ अर्थ स्वच्छ करणे, निवडणे. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ते या जुन्या अर्थाने शोधणंच होतं.

मग संगणकात गाठ का पडत नाही? आपण लिहिलेली आज्ञा वाचतो तो 'शेल'. लुई पूझँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने 1960 च्या दशकात हे नाव दिलं. आतला गाभा तो कर्नल आणि त्याच्याभोवतीचं कवच तो शेल. नारळाचं खोबरं आणि करवंटी डोळ्यांसमोर आणा. हा शेल सगळी डिस्क धुंडाळत नाही. त्याच्यापाशी 'पाथ' नावाची एक यादी असते. तिच्यात काही डिरेक्टऱ्यांची नावं अपूर्णविरामाने तोडून ओळीने लिहिलेली असतात. शेल डावीकडून एकेका डिरेक्टरीत डोकावतो, पहिली सापडेल ती आज्ञावली चालवतो आणि यादी संपली की हात वर करतो. 1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत बोर्न शेल आला, त्यातही पाथ याच नावाने होता.

काखेत कळसा अन् गावाला वळसा ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. आज्ञावली तुम्ही उभे आहात त्याच डिरेक्टरीत असली, तरी ती जागा यादीत नसेल तर शेल तिकडे बघत नाही. हा हलगर्जीपणा नव्हे. नेहमीच्या आज्ञेच्या नावाची खोटी आज्ञावली कुणी तिथे आणून ठेवली, तर ती नकळत चालू नये म्हणून ही दक्षता आहे.

'पाथ' आणि आपला 'पथ' कानाला सख्खे वाटतात. पन्थाः, पांथस्थ आणि पूल या अर्थाचा लॅटिन 'पोन्स' हे एकाच भारोपीय मुळाचे शब्द. इंग्रजी 'पाथ' इराणी भाषांतून तिकडे गेला असावा, असं एक मत आहे. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की अनेक भाषाशास्त्रज्ञ इंग्रजी 'फाइंड'ही त्याच मुळाशी नेतात : चालत जाऊन गाठणे. पुतण्याच्या पडद्यावरच्या त्या ओळीत न मिळालेली वाट 'फाउंड' या शब्दातच दडलेली होती! आपल्याकडेही 'मार्ग' आणि 'मृग' यांचं नातं आहे. जनावराचा माग काढता काढता मार्ग झाला.

तरीही पाथला मराठीत मार्ग म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. मार्ग एका ठिकाणी नेतो. ही तर ठरलेल्या जागांची रोजची फेरी आहे. त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, वहिवाट. त्यातली 'वाट' संस्कृत 'वर्त्मन्'पासून आली. शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली दाद मागता येते. रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 प्रमाणे बांधावरून नवा मागावा लागतो.

पुतण्याचं प्रकरण दुसऱ्या प्रकारचं होतं. पाइपएक्सने आज्ञावली त्याच्या होम डिरेक्टरीत, 'डॉट लोकल'मधल्या 'बिन'मध्ये ठेवली होती. ही जागा वहिवाटीत नाही, अशी सूचनाही बसवतानाच येऊन गेली होती. त्याने ती वाचली नव्हती. उबुंटूत लॉगइन होताना 'डॉट प्रोफाइल' ही फाइल ते 'बिन' अस्तित्वात आहे का ते पाहते, आणि असेल तरच त्याला पाथमध्ये घेते. सकाळी लॉगइन केलं तेव्हा ते नव्हतंच, दुपारी पहिली आज्ञावली बसवताना तयार झालं. आज्ञावली दहा वेळा पुन्हा बसवली असती तरी ती यादी बदलली नसती.

त्याने लॉगआउट केलं, पुन्हा लॉगइन केलं आणि तेच नाव पुन्हा लिहिलं. या वेळी ती पहिल्या हाकेला आली.