शब्द कुठे संपतो?

शाळेतल्या दाखल्याचा छापील नमुना आपल्या परिचयाचा आहे. मजकूर ठरलेला, फक्त नावाची जागा कोरी. संगणकाच्या आज्ञांचाही असा नमुना करता येईल, हे १९६३-६४च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीत काम करणारे फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझँ यांना सुचले. त्यांच्या 'रनकॉम' या प्रोग्रॅमला आज्ञांची यादी द्यायची. यादीतल्या कोऱ्या जागी तो आपण दिलेले शब्द भरी. आज्ञा वाचून त्या पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमला 'शेल', म्हणजे कवच, हे नावही पूझँ यांनीच दिले. आज्ञांच्या अशा यादीला आज आपण 'शेल स्क्रिप्ट' म्हणतो.

१९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीव्हन बॉर्न यांचा शेल आला. त्यात पहिल्या कोऱ्या जागेची खूण 'डॉलर एक', दुसरीची 'डॉलर दोन'. शिवाय 'रीड' या आज्ञेमुळे स्क्रिप्ट मध्येच थांबून वापरणाऱ्याकडून उत्तर घेऊ शकते.

पण एक शब्द संपून दुसरा कुठे सुरू होतो, हे शेलला कसे कळते? मधल्या मोकळ्या जागेवरून. आणि कोरी जागा भरल्यावर शेल तिथल्या मजकुराचे पुन्हा तुकडे करतो! समजा, स्क्रिप्टमध्ये 'डॉलर एक' पुसण्याची आज्ञा आहे आणि आपण 'जुने निकाल' हे फाईलचे नाव अवतरणचिन्हांत नीट दिले. तरीही शेल 'जुने' आणि 'निकाल' अशा दोन फायली पुसायला निघतो. 'निकाल' नावाची वेगळी फाईल असलीच, तर ती जाते. 'जुने निकाल' मात्र जागच्या जागी राहते. उपाय सोपा आहे : स्क्रिप्टमध्येही 'डॉलर एक'भोवती दुहेरी अवतरणचिन्हे घालायची.

सीमा चुकली की काय होते, हे सप्टेंबर २०१४मध्ये साऱ्या जगाने पाहिले. १९८९पासून वापरात असलेला 'बॅश' हा शेल स्वतः सुरू होताना, त्याच्या हाती दिलेल्या काही माहितीतून फंक्शनची व्याख्या वाचत असे. पण व्याख्या संपली तरी तो थांबत नसे. पुढचा मजकूर आज्ञा समजून पार पाडी. काही वेबसर्व्हर तर बाहेरच्या माणसाने पाठवलेला मजकूरच बॅशच्या हाती देत! म्हणजे कुणीही परका त्या संगणकाला हुकूम सोडू शकत होता. 'शेलशॉक' नावाने गाजलेला हा दोष सुमारे पंचवीस वर्षे कुणाच्या लक्षात आला नव्हता.

वर्गात हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. एका रिकाम्या फोल्डरमध्ये वरच्या नावांच्या दोन फायली करा आणि अवतरणचिन्हांशिवाय स्क्रिप्ट चालवा. कोणती फाईल उरेल, हे मुलांना आधी लिहून ठेवायला सांगा.