दस्तुरीचा थांबा

कासू हे आमचे गाव पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान, मुंबई-गोवा हमरस्त्याच्या काठी आहे. रस्त्याच्या काठी वाढलेल्या माणसाला गाड्या थांबताना पाहण्याची सवय होते आणि कोणती गाडी कशासाठी थांबली हे तो दुरूनच ओळखू लागतो. एक गाडी इंजिन तापले म्हणून थांबते. दुसरी माणूस उतरवायचा म्हणून थांबते. आणि तिसरी अशी थांबते की आत बसलेल्यांपैकी कोणालाही तेथे थांबायचे नसते. उतारू झोपेतून उठतात, दुप्पट दराने चहा घेतात आणि चडफडत परत जागेवर बसतात. तेवढ्या वेळात चालकाला आतल्या बाजूस फुकट ताट वाढले जाते. श्रोतेहो, आज या तिसऱ्या थांब्याविषयी चार शब्द सांगायचे आहेत. विषय क्षुल्लक वाटेल. आम्हालाही तो बरीच वर्षे तसाच वाटत होता.

मागे आमच्या संघटनेतील काही निवृत्त सोबत्यांनी हौसेने पैसे साठवून मुंबईहून गोव्यापर्यंतचा जहाजाचा प्रवास केला. त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो. मुरगाव बंदरात जहाज लागले की साडेचार तास किनाऱ्यावर फिरवून आणणार, असा करार होता. कार्यक्रमाच्या पत्रिकेत पहिले नाव आग्वादच्या तुरुंगाचे होते. आमच्यातील सर्वांत वडील सोबती त्या एका नावासाठी आले होते. त्यांचे वडील १९५५ च्या गोवा सत्याग्रहात जाऊन, मार खाऊन परत आले होते. ज्या आग्वादच्या तुरुंगात ना. ग. गोरे यांच्यासारख्यांना पोर्तुगीज सरकारने डांबले, त्याच्या भिंती एकदा डोळ्यांनी पाहाव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती.

बस निघाली आणि वाटेत एका मोठ्या दुकानापाशी उभी राहिली. 'दहा मिनिटे' असे सांगण्यात आले. दारावरच्या माणसाने बसचा क्रमांक आणि माणसांची संख्या एका कागदावर लिहून घेतली. आत गालिचे, पलीकडे अत्तरे, त्याच्या पलीकडे काजू आणि मसाले. बाहेर पडण्याचे दार अगदी शेवटी, म्हणजे सगळी दालने ओलांडल्यावाचून सुटका नाही. आमचे वडील सोबती बसमध्येच बसून राहिले, तर थंड हवेचे यंत्र बंद करण्यात आले. तेव्हा घामाघूम होऊन त्यांनाही उतरावे लागले. दहा मिनिटांची पंचावन्न मिनिटे झाली. पुढे रस्त्यावर वाहनांची गर्दी लागली. आग्वादला पोचलो तेव्हा जहाजाच्या वेळेच्या हिशेबाने आमच्यापाशी बारा मिनिटे उरली होती. वडील सोबती दारापर्यंत चालत गेले, भिंतीला हात लावला आणि परत फिरले.

आम्ही त्या चालकाला सर्वांदेखत बोललो. तोंडाला येईल ते बोललो. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले. बंदराच्या फाटकाशी सगळे उतरल्यावर तो आमच्याजवळ येऊन म्हणाला, "दादा, मला मालक आजच्या दिवसाचे काही देत नाही. दुकानदार माणशी काही देतो आणि तुम्ही खरेदी केली तर वर टक्का देतो. माझा आजचा पगार त्या कागदावर होता. तुम्हाला सरळ आग्वादला नेले असते, तर मी घरी रिकाम्या हाताने गेलो असतो."

तीस वर्षे आम्ही मजुरीच्या प्रश्नावर भांडत आलो. आणि ज्याची मजुरी चोरली गेली होती त्यालाच आम्ही चोर म्हणालो. त्या रात्री जहाजावर आम्हाला झोप लागली नाही. परत आल्यावर पेणला जाऊन पुस्तके चाळू लागलो. त्यातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

प्रवासातले थांबे मुळात गरजेपोटी जन्मले. आमच्याच भागात अंबेच्या खाडीने धरमतरपर्यंत आणि भरती असली म्हणजे नागोठण्यापर्यंत गलबते येत. पाणी उतरले की माणसाने थांबायचे, चढले की निघायचे. त्या थांब्यात कोणाचा डाव नव्हता. समुद्राचा नियम होता. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात गेले. दक्षिणेच्या आशेने गेले आणि वाटेत लुटले गेले. तरीही त्यांनी गंगेची कावड घरी आणली आणि आईवडिलांना गंगास्नान घातले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात ही हकिगत आहे. प्रवासी घरी काय घेऊन येतो, हा त्याच्या मनाचा प्रश्न असतो. गोडसे भटजींना लुटणारे उघड लुटारू होते. त्यांनी 'दहा मिनिटे थांबू' असे म्हणून लुटले नाही.

पुढे आगबोटी आल्या. त्यांना कोळसा लागे. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर विलायतेच्या बोटी पोर्ट सैद आणि एडन येथे कोळसा भरण्यास थांबत. कोळशाची धूळ उडे म्हणून उतारू किनाऱ्यावर जात आणि पोर्ट सैदला सायमन आर्ट्झच्या प्रसिद्ध दुकानात टोप्या, सिगारेटी वगैरे घेत. थांबा बोटीच्या गरजेचा, खरेदी माणसाच्या खुशीची. ज्याला घ्यायचे नसे तो समुद्राच्या काठी फिरून येई.

प्रवास हाच विक्रीचा माल झाला, तेव्हा चित्र पालटले. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक याने लीस्टर ते लफबरो अशी आगगाडीची सहल एका शिलिंगात घडवली. २२ जानेवारी १८९१ रोजी जर्मनीतून 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट केवळ सहलीसाठी भूमध्य समुद्राकडे निघाली. हिवाळ्यात अटलांटिकवर उतारू मिळत नाहीत, मग बोट रिकामी का ठेवा, असा तिच्या चालकांपैकी आल्बर्ट बालिन याचा हिशेब होता. या हिशेबात बंदर हे पोचण्याचे ठिकाण राहिले नाही, ते दाखवण्याची वस्तू झाले. किनाऱ्यावरची सहल स्वतंत्र किंमत लावून विकता येऊ लागली.

आता ही किंमत जाते कोठे ते पाहा. उतारू जहाजावर पैसे भरतो. जहाजवाला आपला वाटा ठेवून सहलीचे काम बंदरातल्या ठेकेदाराला देतो. ठेकेदार आपला वाटा ठेवून ते बसमालकाकडे सोपवतो. प्रत्येक पायरीवर रक्कम घटते. शेवटी गाडी हाकणारा आणि माहिती सांगणारा यांच्यासाठी काही उरतच नाही, अशीही वेळ येते. ही पोकळी दुकानदार भरतो आणि तो ती मालाच्या वाढीव किमतीतून, म्हणजे पुन्हा उतारूच्याच खिशातून भरून काढतो. तात्पर्य, नको असलेला दुकानाचा थांबा ही चालकाची न दिलेली मजुरी असते. ती मालकाने द्यायची, तर प्रवाशाकडून वळती केली जाते. पैशाने नाही तर निदान वेळेने.

आम्हा कामगारांना हे प्रकरण नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर नोकरी लावून देई आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने या लाचखोरीची दखल घेतली. महिन्याचा पगार महिना उलटल्यावर कितीतरी दिवसांनी हाती येई. तोवर वाण्याची उधारी. म्हणून सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज सादर केला, त्यात रविवारच्या सुटीबरोबर पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार मिळावा, हीही मागणी होती. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली, ती सर्वांना आठवते. पगाराच्या तारखेचे कलम आपण विसरलो.

इंग्लंडात तर मालक मजुरी नाण्यांत न देता आपल्याच दुकानातील मालाच्या रूपाने देत. तेथे १८३१ च्या कायद्याने हा प्रकार अनेक धंद्यांत बंद केला. आपल्याकडे १९३६ च्या वेतन अधिनियमाने मजुरी चलनी पैशातच दिली पाहिजे असे ठरवले. तो कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कायद्याचा आत्मा एवढाच, की मजुराची कमाई आणि दुकानदाराचा गल्ला यांची गाठ मारू नये. बसचालकाच्या कागदावर तीच गाठ पुन्हा बसलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली.

येथे कोणी विचारील, 'मग गोरगरीब विक्रेत्यांनी पोट कसे भरायचे?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. घारापुरीची लेणी पाहायला मुंबईस येणारे परदेशी पाहुणे फार पूर्वीपासून जातात. १८७५ साली इंग्लंडच्या युवराजांना तर लेण्यातच मेजवानी झाली होती. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण बेटावरच्या शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या वाड्यांना समुद्राखालून वीज पोचली ती २०१८ साली. लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकाने आहेत. माळा, मूर्ती, टोप्या. विक्रेते हाका मारतात, कधी मागेही लागतात. तरी पायऱ्या कोणी अडवलेल्या नसतात. घ्या, घासाघीस करा किंवा पुढे चला. लेणे तुमची वाट पाहतच असते. हा बाजार झाला. बाजाराशी आमचे वैर नाही. उलट, बसने आधीच एखाद्या दुकानात तास घालवून पाहुण्यांचा वेळ आणि पैसा संपवला, तर घारापुरीच्या पायरीवरची बाई दिवसभर उन्हात बसून माल तसाच घरी नेते. दस्तुरीचा थांबा लहान विक्रेत्याचाही घास काढून घेतो, कारण त्याला दस्तुरी परवडत नाही.

जगाने यावर काही उपाय करून पाहिले आहेत. अमेरिकेच्या अलास्का राज्यातील मतदारांनी २००६ साली जहाजांविषयी जो कायदा कौल देऊन संमत केला, त्यात जहाजावर एखाद्या दुकानाची शिफारस पैसे घेऊन होत असेल तर ते उतारूंना उघड सांगितले पाहिजे, असा आग्रह होता. चीनचा पर्यटन कायदा १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमलात आला. त्याच्या ३५ व्या कलमाने अवास्तव स्वस्त सहलीचे आमिष दाखवून मग दुकानांतून दलाली काढण्यास मनाई केली. ही मनाई मोडल्यास सहल संपल्यानंतर ३० दिवसांच्या आत माल परत करण्याचा हक्कही प्रवाशाला दिला. ही बातमी वर्तमानपत्रांनी छापली. पण आम्हाला अधिक मोलाचे वाटते ते ३८ वे कलम. सहल कंपनीने आपल्या मार्गदर्शकाशी नोकरीचा करार करावा, त्याला वेतन द्यावे, त्याचा विमा भरावा, असे ते सांगते. प्रवाशाची तक्रार आणि नोकराची मजुरी या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे त्या कायद्याने ओळखले. त्याची अंमलबजावणी किती कडक, हा निराळा विषय. निदान रोग कोठे आहे हे त्यात नीट लिहिले आहे.

जहाजावरच्या माणसांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार आहे. तो २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१५ साली त्याला मान्यता दिली. खलाशापासून आचाऱ्यापर्यंत जहाजावर राबणाऱ्यांचे वेतन, विश्रांती, जेवण यांची त्यात तरतूद आहे. पण हा करार जहाजाच्या शिडीपाशी संपतो. शिडीच्या खाली बस घेऊन उभा असलेला माणूस त्याच जहाजाच्या उतारूंसाठी राबतो, तरी तो त्या करारात बसत नाही. मुंबईत २०२५ साली नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झाले आहे. उतारू वाढतील, बसगाड्या वाढतील. शिडीखालची माणसेही वाढतील. त्यांची संघटना आज बांधली नाही, तर उद्या प्रत्येक बसबरोबर एक कागद दुकानाच्या दारात जाईल.

आमच्या मागण्या साध्या आहेत. जो थांबा घ्यायचा तो पैसे भरण्यापूर्वी पत्रिकेत छापावा, किती वेळाचा तेही छापावे. ज्याला दुकानात जायचे नाही त्याला गाडीत सावलीत बसू द्यावे. आणि चालकाला, मार्गदर्शकाला दिवसाची मजुरी मालकाने रोख द्यावी, दुकानदाराने नव्हे. तिसरी मागणी मान्य झाली तर पहिल्या दोन आपोआप पदरात पडतील, असा आमचा अनुभव सांगतो.

तुम्ही प्रवासाला जाल तेव्हा असा थांबा लागेल. राग येईल, यावाही. पण तो चालकावर काढण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा: 'दादा, आजची मजुरी कोण देते?' आम्ही तो विचारला नाही. त्या दिवशी बंदराच्या फाटकाशी चालक बोलत होता, तेव्हा आमचे वडील सोबती शेजारी उभे होते. आग्वादच्या दारातून परत फिरलेला तो माणूस. रागावण्याचा पहिला हक्क त्यांचा. त्यांनी चालकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारले, "तुमची संघटना आहे का?" तो म्हणाला, "नाही."

"मग मी पुन्हा येईन," ते म्हणाले, "तेव्हा तुरुंगही नीट पाहीन."