ग्रंथांची ग्रीक आणि मुलांची ग्रीक

१८२० च्या मे महिन्यात प्लिनी फिस्क आणि लेव्ही पार्सन्स हे दोन अमेरिकन मिशनरी स्मर्ना शहर सोडून समोरच्या खिओस बेटावर मुक्कामास गेले. त्यांचा तात्कालिक हेतू प्रवचने करण्याचा नव्हता. त्यांना ग्रीक शिकावयाची होती. ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते, कारण दोघेही मिडलबरी कॉलेजात व पुढे अँडोव्हरच्या धर्मशास्त्रविद्यालयात शिकलेले होते, आणि नव्या कराराची मूळ ग्रीक संहिता तर त्यांच्या नित्य वाचनातली होती. ग्रीक येत असताना ग्रीक शिकण्यासाठी चारपाच महिने एका बेटावर का राहावे लागावे, हा प्रश्न भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मिशनऱ्यांच्या धर्मकार्याहूनही अधिक लक्षणीय आहे.

या दोघांना पाठविणारे अमेरिकन बोर्ड १८१० मध्ये स्थापन झाले. मराठी वाचकांस ही संस्था अपरिचित नाही. गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईस उतरले ते याच बोर्डाच्या वतीने, आणि अमेरिकन मराठी मिशन त्यातूनच उभे राहिले. परंतु मुंबईचा मिशनरी व खिओसचा मिशनरी यांची भाषिक स्थिती अगदी भिन्न होती. हॉल मुंबईस आला तेव्हा मराठीविषयी त्याच्या मनाची पाटी कोरी होती. बंदरावरच्या हमालाने जे रूप वापरले तेच त्याच्या दृष्टीने मराठी. फिस्क-पार्सन्स यांची पाटी मात्र भरलेली होती, आणि तीवरची बरीच अक्षरे पुसल्यावाचून तेथे नवे काही लिहिता येण्याजोगे नव्हते.

अडचण उच्चारापासूनच सुरू होई. पश्चिम युरोपातील व अमेरिकेतील विद्यालयांत ग्रीकचा उच्चार इरॅस्मसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने शिकविला जात असे. तीत ‘बीटा’ हा वर्ण ‘ब’ आणि ‘ईटा’ हा दीर्घ ‘ए’. प्रत्यक्ष ग्रीकांच्या तोंडी मात्र अनेक शतकांपूर्वीच ‘बी’चा ‘व्ही’ झालेला होता, आणि ईटा, योटा, इप्सिलॉन व दोन-तीन संयुक्त स्वर असे अनेक लेखी भेद एकाच ‘इ’कारात विलीन झाले होते. म्हणजे ज्या शब्दास विद्यालयात ‘बासिलेउस’ म्हणावयाचे, तो बाजारात ‘वासिलेफ्स’ असा ऐकू येई. इरॅस्मसपक्षीय पंडितांचा एक आवडता पुरावा असा की, एका प्राचीन विनोदी नाटककाराच्या त्रुटित ओळीत मेंढराचे ओरडणे ‘बीटा-ईटा’ या वर्णांनी दाखविले आहे. आधुनिक उच्चार प्राचीन मानला तर ते मेंढरू ‘वी वी’ असे ओरडत होते असे म्हणावे लागेल. युक्तिवाद बिनतोड आहे. तथापि ज्यास अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मेंढराशी नव्हे, तर खिओसच्या गल्लीतील पोराशी बोलावयाचे आहे, त्याला त्याचा उपयोग नाही.

उच्चाराहून मोठी अडचण शब्दांची. नव्या करारात भाकरीस ‘आर्तोस’, पाण्यास ‘इदोर’, घरास ‘ओइकोस’ आणि घोड्यास ‘हिप्पोस’ हे शब्द आहेत. खिओसमध्ये भाकरी ‘प्सोमी’, पाणी ‘नेरो’, घर ‘स्पीती’, घोडा ‘आलोगो’. मासा ‘इख्थीस’ राहिला नव्हता. तो ‘प्सारी’ झाला होता. आपल्याकडे केवळ संस्कृत जाणणारा एखादा परदेशी पंडित पुण्यात येऊन ‘अश्व’ भाड्याने मागू लागला आणि तहान लागल्यावर ‘जल’ म्हणू लागला, तर त्याचे जे होईल तेच येथे होणार होते. कदाचित त्याहून वाईट, कारण संस्कृत ही वेगळी भाषा आहे हे सर्वांना मान्य असते. ग्रीक मात्र दोन्ही टोकांना ‘ग्रीक’च म्हणवली जात होती. ‘पेदेव्हो’ हे क्रियापद घ्यावे. प्राचीन गद्यात त्याचा अर्थ ‘शिक्षण देणे’. लोकभाषेत तोच शब्द ‘छळणे, पिडणे’ या अर्थाने रूढ आहे. मुलांच्या शाळेचा उद्देश प्राचीन अर्थाने सांगू गेलेल्या शिक्षकाविषयी मुलांचा काय समज होईल, हे सांगावयास नको.

या बोली शब्दांना अडाणी म्हणणाऱ्या पंडितांची दृष्टी मात्र तोकडी होती. ‘प्सोमी’ आणि ‘प्सारी’ यांची मुळे थेट योहानाच्या शुभवर्तमानातच सापडतात. शेवटच्या भोजनप्रसंगी दिलेला घास आणि सरोवरकाठचे मासे यांना तेथे हेच पूर्वरूपशब्द योजले आहेत. ‘नेरो’ हे ‘ताजे पाणी’ या शब्दसमूहातील विशेषणाचे अवशिष्ट रूप होय. विशेष्य गळाले व विशेषण उरले. ‘स्पीती’ लॅटिनमधून आला. ‘आलोगो’ म्हणजे मुळात ‘बुद्धिहीन’ प्राणी. पुढे तो शब्द घोड्यालाच चिकटला. मिशनरी ज्या ग्रंथावर विसंबून होते त्यातच लोकभाषेकडे जाणाऱ्या वाटा होत्या. पण त्या डोळ्यांस दिसण्यापूर्वी कानावर पडणे आवश्यक होते.

खिओसमध्ये या दोघांचे गुरू निओफितोस वाम्वास हे होते. ते तेथील प्रसिद्ध विद्यालयाचे प्रमुख. पॅरिसमध्ये कोराईस यांच्या सहवासात राहिलेले, आणि ‘शुद्धीकृत’ ग्रीकचे पुरस्कर्ते. असा गुरू मिळणे हे भाग्य खरे, परंतु त्यात एक मर्यादाही होती. वाम्वासांची ग्रीक ही प्राचीन व लोकभाषा यांच्यामधली घडीव भाषा होती, आणि ती कोणत्याही आईच्या तोंडून लेकरास मिळत नव्हती. फिस्क व पार्सन्स यांनी या काळात बेटावरील मुद्रणालयात एक धार्मिक पुस्तिका छापून घेतली व ती बेटावरील शाळांमधून वाटली. या वाटपाचा धार्मिक परिणाम किती झाला तो विषय येथे अप्रस्तुत आहे. भाषिक दृष्ट्या इतके निश्चित की, शाळेतल्या मुलापुढे पुस्तिका धरून ती त्याच्याकडून वाचून घेणे हा परकीयास उपलब्ध असलेला सर्वांत प्रामाणिक पाठ होता. प्रौढ मनुष्य परक्याशी बोलताना भाषा सुधारून घेतो. शिकलेला ग्रीक तर हटकून वरच्या पायरीवर चढतो. मूल तसे करीत नाही. चुकलेला उच्चार ऐकून हसण्यास त्याला शिष्टाचाराचा अडथळा नसतो, आणि तोच शब्द दहा वेळा सांगण्याचा कंटाळाही नसतो.

१८२२ च्या वसंतात खिओसवर जो भयंकर संहार झाला त्यात बेटावरील हजारो माणसे मारली गेली आणि हजारो, विशेषतः स्त्रिया व मुले, गुलाम म्हणून विकली गेली. ते विद्यालयही उद्ध्वस्त झाले. वाम्वास आधीच बेट सोडून गेले होते. पार्सन्स त्याच वर्षी फेब्रुवारीत अलेक्झांड्रिया येथे निवर्तला होता; फिस्क १८२५ मध्ये बैरूत येथे वारला. ज्या मुलांनी ती पुस्तिका हाती घेतली होती त्यांपैकी किती वाचली असतील याचा विचारही करवत नाही. फिस्कचा ज्यांच्याशी लोभ जडला अशा मुलांपैकी एकाचा वृत्तान्त मात्र ज्ञात आहे. इद्रा बेटाच्या फोतिओस काव्हासालिस या पोरक्या मुलास १८२३ मध्ये अमेरिकेस पाठविण्यात आले. पुढे तो अमेरिकन आरमारात धर्मोपदेशक झाला, गुलामगिरीच्या विरोधात उभा राहिला, आणि प्रौढपणी त्याने आपले आडनाव फिस्क असे करून घेतले.

मुलांशी संबंध जोडण्याचा अधिक स्थिर प्रयत्न अथेन्समध्ये झाला. एपिस्कोपल पंथाचे जॉन हेन्री हिल आणि त्यांच्या पत्नी फ्रान्सिस हिल हे काही काळ तिनोस बेटावर राहून १८३१ मध्ये अथेन्सला आले. तेव्हाचे अथेन्स म्हणजे युद्धाने उद्ध्वस्त झालेले एक लहान गाव होते. आक्रोपोलिसवर ऑटोमन शिबंदी १८३३ पर्यंत टिकून होती आणि राजधानीचा मान गावास १८३४ मध्ये मिळावयाचा होता. अशा ठिकाणी हिल दांपत्याने आल्याबरोबर मुलींची शाळा काढली. शेजारपाजारची मुले जमली. त्यांची भाषा कोणती? बाहेरच्या माणसास वाटे की अथेन्सइतकी शुद्ध ग्रीक कोठेच असणार नाही. वस्तुतः आटिकातील अनेक खेड्यांतून घरची बोली अल्बेनियन होती. आणि जुन्या अथेन्सकरांची जी ग्रीक बोली होती तीत ‘के’ (आणि) हा शब्द ‘त्से’ असा उच्चारला जाई, व इप्सिलॉनचा ‘उ’कार काही शब्दांत शिल्लक होता. राजधानी झाल्यावर बाहेरून आलेल्या लोकसंख्येखाली ही बोली दबत गेली आणि कालांतराने लोपली. पेरिक्लीसच्या नगरीत परकीयाच्या कानावर पडणारी ग्रीक, ही प्लेटोच्या पंडितांनी कधी न ऐकलेली ग्रीक होती.

त्या काळच्या ग्रीक प्राथमिक शाळांत ‘परस्पर-अध्यापना’ची पद्धत सर्वत्र प्रचलित होती, आणि तिचा संबंध थेट हिंदुस्थानाशी पोचतो. मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथालयात अँड्र्यू बेल याने एतद्देशीय शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरविताना पाहिली व त्यावरून मोठ्या मुलाने लहानास शिकवावे अशी व्यवस्था बसवून १७९७ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. लँकेस्टरने तिचा इंग्लंडमध्ये विस्तार केला. पुढे फ्रान्समार्गे ती ग्रीसला पोचली आणि कोक्कोनिस यांच्या १८३० च्या मार्गदर्शिकेने ती तेथे अधिकृत झाली. या शाळांतील सर्वांत खालच्या वर्गातली ग्रीक मुले बाकावरील वाळूत बोटाने अक्षरे काढीत. आपल्याकडील धूळपाटी आणि अथेन्समधील तो वाळूचा बाक यांच्यातील नाते वाचकास सहज ध्यानात येईल. परकीय शिक्षकाच्या दृष्टीने या पद्धतीचा एक वेगळाच लाभ होता. ‘प्रोतोस्खोलोस’ म्हणून नेमलेले मोठे मूल लहानास समजावून सांगताना पुस्तकी वाक्य बाजूस ठेवून घरचे वाक्य बोले. शिक्षकाने नुसते उभे राहून ऐकावे, म्हणजे एकाच आशयाची दोन रूपे, छापील व बोललेली, त्याला एकापाठोपाठ मिळत.

हे सख्य निर्वेध राहिले असे मात्र नव्हे, आणि त्याचे कारण उघड आहे. मूल ज्याच्याशी मोकळेपणाने बोलते त्याच्यावर विश्वासही टाकते. आणि तो मनुष्य परधर्मीय असेल तर आईबापांस व पुरोहितास भय वाटणे स्वाभाविक होय. १८३६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठाने प्रॉटेस्टंटांच्या शाळा व पुस्तके यांविरुद्ध आज्ञापत्र काढले. १८४२ च्या सुमारास हिल दांपत्यावरही धर्मांतराचा आरोप वृत्तपत्रांतून झाला. ते स्वतः कोणास पंथांतर करावयास लावीत नसत, तरीही. १८४४ च्या घटनेने धर्मांतराचे प्रयत्न निषिद्ध ठरविले. या भीतीस केवळ कर्मठपणा म्हणून सोडून देणे योग्य नाही. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, दरिद्री देशात शाळा, पुस्तके व अन्न घेऊन आलेल्या परकीयाचे हेतू सर्वस्वी भाषिक वा शैक्षणिक असतील असे मानण्यास आईबापांपाशी काही आधार नव्हता, आणि अनेकांचे ते तसे नव्हतेच. आपल्याकडेही अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली तेव्हा याच शंकेने पालकांचे पाय मागे ओढले असतील.

मानी प्रांतात हा पेच निकरास आला. पेलोपोनिससच्या दक्षिण टोकास असलेल्या आरेओपोलिस गावी ह्यूस्टन व लेबर्न या दोन अमेरिकनांनी शाळा चालविली. मानीची बोली जुन्या अथेन्सच्या बोलीच्याच नात्यातली, आणि तिचे बोलणारे भांडणात जितके कडवे तितकेच पाहुण्याच्या बाबतीत उदार. शासनाने शाळेत ऑर्थोडॉक्स प्रश्नोत्तरावली शिकविणे आवश्यक केले; मिशनऱ्यांनी ते मान्य केले नाही, आणि १८४२ मध्ये शाळा बंद करून ते निघून गेले. दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या जागी सुसंगत होते. मुलांना मात्र कोणी विचारले नाही.

त्या शाळेत शिकलेल्यांत मिखाईल कालोपोथाकीस नावाचा एक स्थानिक मुलगा होता. १८२५ मध्ये जन्मलेला हा मुलगा अथेन्समध्ये वैद्यक शिकला, पुढे अमेरिकेत धर्मशास्त्र शिकून परतला आणि ग्रीक प्रॉटेस्टंट मंडळीचा पहिला पाळक झाला. म्हणजे मानीच्या आईबापांचे भय एका मुलाच्या बाबतीत तरी अक्षरशः खरे ठरले. दुसऱ्या बाजूने भाषेचा प्रवाह उलटाही वाहत होता. अमेरिकन बोर्डाच्याच साहाय्याने १८२८ मध्ये अमेरिकेस गेलेला थेस्सलीचा तरुण इव्हांगेलिनोस सोफोक्लीस हार्वर्ड येथे ग्रीकचा प्राध्यापक झाला. त्याने १८४२ मध्ये आधुनिक ग्रीकचे व्याकरण अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी लिहिले व १८७० मध्ये रोमन व बायझंटाइन काळातील ग्रीकचा कोश प्रसिद्ध केला. ‘प्सोमी’ ही ‘आर्तोस’ची विटंबना नसून तिला स्वतःचा इतिहास आहे, हे ग्रंथांधारे दाखविणे या कोशामुळे शक्य झाले. मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ मध्ये, म्हणजे हिल यांची शाळा निघाली त्याच वर्षी, बाहेर पडला होता. बोलीतल्या शब्दास कोशात जागा देण्याच्या बाबतीत मराठी ही ग्रीकहून अधिक भाग्यवान ठरली, असे म्हणावयास हरकत नाही.

कारण ग्रीसमध्ये हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. वाम्वासांनी ब्रिटिश बायबल सोसायटीसाठी केलेले बायबलचे भाषांतर तेथील धर्मसभेने नाकारले. १९०१ मध्ये शुभवर्तमानाचे लोकभाषेतील भाषांतर एका दैनिकात येऊ लागताच अथेन्सच्या रस्त्यांवर दंगल होऊन आठ माणसे प्राणास मुकली. १९५९ मध्ये फर्ग्युसन यांनी द्विस्तरीय भाषास्थितीचे विवेचन केले तेव्हा त्यांच्या चार उदाहरणांत ग्रीक होती. लोकभाषा शासनाची व शिक्षणाची भाषा झाली ती १९७६ मध्ये.

कालोपोथाकीस यांनी १८६८ मध्ये ‘एफिमेरिस तोन पेदोन’, म्हणजे ‘मुलांचे वृत्तपत्र’, या नावाचे सचित्र मासिक काढले व ते पंचवीस वर्षे चालविले. त्यांचे स्वतःचे बालपण मानीच्या बोलीत गेले होते, आणि परक्या शिक्षकांच्या कानांवर ती बोली पडली ती अशाच मुलांच्या तोंडून. मासिकाची भाषा सोपी होती, पण वळण शुद्धीकृत ग्रीकचेच होते. मुले ते वाचीत, आणि मासिक मिटून घरात गेली की आईजवळ ‘प्सोमी’ मागत.